१२ वर्षांच्या खंडानंतर पहिली पूर्ण मॅरेथॉन: सोलापुरात राहून तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, वय ३९ आहे, महाविद्यालयात असताना रोज ८ ते १० किलोमीटर धावत होतो, नंतर १२ वर्षे धावणे पूर्णपणे सुटले आणि आता येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करायचे आहेत. नोकरी सांभाळून, सोलापूरच्या हवेत, जूनपासूनच्या सात महिन्यांत हे जमेल का? जमेल, मात्र धावताना जुन्या वेगाची आठवण मनातून काढून टाकावी लागेल. मी स्वतः ११ वर्षांच्या खंडानंतर वयाच्या ४३ व्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा नेमके हेच मला साधले नव्हते.

पहिल्या पाच आठवड्यांत माझा दम झपाट्याने परत आला. संभाजी तलावापासून विजापूर रस्त्याने निघालो की ६ किलोमीटर सहज होत असत, आणि त्या उत्साहात मी आठवड्याचे अंतर एकदम दुप्पट केले. सातव्या आठवड्यात घराचा जिना उतरताना उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला कळ आली. दोन दिवसांनी अस्थिरोगतज्ज्ञांनी नडगीवरून अंगठा हळूहळू खाली आणला आणि एका ठिकाणी, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, तो टेकताच मी खुर्चीतून उठलो. हाडाला सूक्ष्म तडा गेला होता. आठ आठवडे धावणे बंद राहिले आणि त्या वर्षीची स्पर्धा हुकली.

याचे कारण समजून घेतले, तर पुढचे सगळे नियोजन आपोआप सुचते. हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच व्यायामाला सरावतात; पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना बळकट होण्यासाठी कित्येक महिने लागतात. त्यातही नवा भार पडल्यावर हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा भरते, त्यामुळे मधले काही आठवडे ते नेहमीपेक्षा नाजूकच असते. पूर्वी चांगले धावलेल्या माणसाला हा धोका नवख्यापेक्षा अधिक असतो, असे माझे ठाम मत आहे, कारण नवख्याला त्याचा दमच थांबवतो आणि आपल्याला तो थांबवत नाही.

म्हणून सुरुवातीला रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख यांची तपासणी करून घ्या. घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर ट्रेडमिलवरील तपासणीविषयीही डॉक्टरांना विचारा. मग पहिले आठ आठवडे आठवड्यातून चारच दिवस, ३ मिनिटे सावकाश धावणे आणि २ मिनिटे चालणे अशी अर्ध्या तासाची फेरी पुरे. वेग असा ठेवा की शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. सप्टेंबरअखेर सलग १० ते १२ किलोमीटर, नोव्हेंबरमध्ये २१ आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ३० ते ३२ किलोमीटरची एकच सर्वांत लांब धाव, एवढे उद्दिष्ट ठेवा. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करा. सोबत घराच्या पायरीवर टाच वर-खाली करण्याचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर आणि नंतर एकेका पायावर, आठवड्यातून तीनदा करा; पोटऱ्यांसाठी याहून साधा आणि उपयोगी व्यायाम मला माहीत नाही. स्नायू एकंदर ठणकत असतील तर चिंता नको, पण वेदना एका बोटाने दाखवता येत असेल आणि चालतानाही जाणवत असेल, तर त्याच दिवशी थांबा. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे यांत तर थांबून लगेच डॉक्टरांकडे जाण्याला पर्याय नाही.

आता हवेविषयी, कारण सोलापूर आणि मुंबई यांत खरा फरक येथेच आहे. आपल्याकडे हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो आणि किती पाणी गेले हे कळतच नाही. टोपीवर उरलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेषा तेवढ्या दिसतात. लांब धावेच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एका ऑक्टोबरमध्ये दीड तासाच्या धावेनंतर माझे वजन १.४ किलोने उतरले होते, आणि मला तर फारशी तहानही लागली नव्हती. याच्या उलट मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. तेव्हा तेथे वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवा. पाणी मात्र तहानेपेक्षा जास्त ढोसू नका, कारण रक्तातील सोडियम फार कमी होणे हेही जिवावर बेतू शकते. लांब धावांत साध्या पाण्याबरोबर ओआरएस ठेवा.

शरीरातील साठवलेली शर्करा साधारणपणे ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय एकाएकी जड होतात. त्यासाठी धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. मला खजूर मानवतो, तुम्हाला काय मानवते ते सरावातच ठरवा. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी एरवी उत्तम, पण लांब धावेच्या आदल्या रात्री मऊ भात आणि वरण बरे.

वेगाचा अंदाज येत नसेल, तर कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांकडे पाहा. ते अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनहून थोडे अधिकच आहे. मी आईसोबत दोनदा ती वाट चाललो आहे. शहराबाहेर पडेपर्यंत सगळ्यांच्या पुढे पळणारी तरुण मुले शेवटच्या घाटाआधी रस्त्याच्या कडेला पाय चोळत बसलेली दिसत, आणि पहिल्या पावलापासून एकाच लयीत चालणाऱ्या वृद्ध बायका त्यांना ओलांडून जात. मुंबईत पहिले १० किलोमीटर त्याच लयीत काढा.

एक अडचण खास आपल्या गावची आहे. मुंबईची स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा, ऐन त्या आधीच्या दिवसांत येते. शेवटचे तीन आठवडे धावणे टप्प्याटप्प्याने कमी करून पायांना विश्रांती द्यायची असते, आणि नेमका त्याच वेळी नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) शहरातील अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेत दिवसभर चालण्याचा मोह होतो. या वर्षी सिद्धरामेश्वरांचे दर्शन सकाळी लवकर घ्या, त्यांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा डोळे भरून पाहा, पण प्रदक्षिणेची सगळी वाट चालू नका आणि गड्ड्यावरचे तळलेले पदार्थ परत येईपर्यंत राहू द्या.