सदाफुलीची पानं खाऊन शुगर उतरते का?

प्रश्न : वडिलांना डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. कुठेतरी वाचून ते हल्ली रोज सकाळी अनशेपोटी सदाफुलीची पानं चावून खातात. म्हणतात औषधं शेवटी झाडपाल्यातूनच आली ना, मग गोळीपेक्षा पान बरं. काय सांगू?

उत्तर : आधी पानं बंद करायला सांगा प्लीज, बाकीचं नंतर.

वडिलांचं निम्मं अगदी खरंय. त्यांची मेटफॉर्मिनच घ्या ना, गॅलेगा नावाच्या झाडात गॅलेजिन सापडलं, त्याने शुगर उतरायची पण ते विषारी निघालं, मग त्याच घराण्यातलं कमी त्रासाचं रसायन लॅबमध्ये बनवलं आणि पुढे त्याची गोळी झाली. कफावरचं ब्रोमहेक्सिन पण अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसिनवरूनच आलंय.

पण सदाफुलीची गोष्ट वेगळी आहे आणि ती त्यांना नीट सांगाच. ही पानं डायबेटीसवर चालतात असं ऐकूनच कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. अर्क तोंडाने दिला तर शुगरवर काही फरकच नाही, इंजेक्शनने दिला तर उंदीर इन्फेक्शन होऊन पटापट मरायला लागले, का तर इन्फेक्शनशी लढणाऱ्या त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. ब्लड कॅन्सरमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात, म्हणून हे बघून त्यांचं लक्ष कॅन्सरकडे वळलं आणि १९५८ मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध वेगळं काढल्याचं जाहीर केलं. त्याच पानांतून मग व्हिन्क्रिस्टिन मिळालं, जे लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर आजही देतात. किती मोठी गोष्ट आहे ही! पण ते ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि देताना मिलिग्रॅममध्ये मोजून, थेट शिरेतून, रक्ताच्या रिपोर्टवर लक्ष ठेवून देतात, तरी हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

चावलेल्या पानात काय किती गेलं हे कोण मोजणार? ऊन, पाणी, जात, पान कोवळं की जून, सगळ्याने प्रमाण बदलतं.

रागावू नका त्यांच्यावर, गोळ्यांचा कंटाळा येतोच माणसाला. फक्त मेटफॉर्मिन मनाने बंद किंवा कमी केलीय का ते विचारा, आणि रोज किती पानं, किती दिवस हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून शुगरसोबत सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) पण करायची का ते विचारून घ्या. ताप आला किंवा हातपाय बधिर वाटले तर त्याच दिवशी दाखवा.