वाटणी लिहिलीस, पण वाटणार कोण?

अनेक आशीर्वाद.

तू तुझ्या अशिलासाठी केलेला मृत्युपत्राचा मसुदा दोनदा वाचला. कुणाला काय द्यायचं ते इतकं नेटकं लिहिलं आहेस की तिथे पेन्सिल लावावीशी वाटली नाही. एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळा कारभार पार पाडणाऱ्याला, मात्र शेवटी एकच ओळ मिळाली आहे: ‘माझा थोरला मुलगा एक्झिक्युटर राहील.’ हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

वाटणीचा विचार लोक वर्षानुवर्षं करतात. पण मृत्युपत्र उघडलं जातं तेव्हा खुलासा विचारायला ते करणारं माणूस उरलेलं नसतं. देणी फेडणं, कर भरणं, बँकांचे उंबरे झिजवणं, हिशेब ठेवणं, मग ज्याचं त्याला देणं, हे सगळं एक्झिक्युटरच्या डोक्यावर येतं. त्या मुलाला कुणी विचारलं आहे का? नाव घातलं म्हणून तो बांधला जात नाही, नकार देऊ शकतो. कारभाराला हात लावण्याआधी नकार देणं सोपं असतं, लावल्यावर अंग काढून घेणं कठीण. आणि तो वडिलांच्या आधीच गेला तर? पर्यायी नाव नसेल तर कोर्टाला कुणीतरी प्रशासक नेमावा लागतो, आणि तो कदाचित तुझ्या अशिलाने कधीच निवडला नसता असा निघतो.

आल्फ्रेड नोबेलचं उदाहरण मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते. २७ नोव्हेंबर १८९५ला त्याने पॅरिसमध्ये वकिलाची मदत न घेता शेवटचं मृत्युपत्र केलं. बहुतेक संपत्तीचा निधी करून दरवर्षी बक्षिसं द्यायची, असं त्यात होतं. पण निधी सांभाळणारी संस्था अस्तित्वातच नव्हती, आणि बक्षिसं ठरवणाऱ्या संस्थांना त्याने आधी विचारलं नव्हतं. १८९६मध्ये तो गेला, नातेवाइकांनी हरकत घेतली. एक गोष्ट मात्र त्याने चोख केली होती: दोन एक्झिक्युटर नावानिशी नेमले होते. त्यातला राग्नार सोलमान नोबेल गेला तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. मालमत्ता गोळा करणं, नातेवाइकांशी तडजोड, संस्थांची मनधरणी, सगळं त्या दोघांनी निभावलं. निधी सांभाळणारं प्रतिष्ठान १९००मध्ये उभं राहिलं, पहिली पारितोषिकं १९०१मध्ये दिली गेली. मला त्या मसुद्याची धास्ती वाटते आणि त्या नेमणुकीचं कौतुक.

तुझ्या अशिलाला दोन्ही मुलं नेमायची असतील तर जरूर नेम, पण त्यांचं पटलं नाही तर काय, हे त्याच कलमात लिही. माझ्या एका जुन्या मसुद्यात ते राहून गेलं. बहीण-भाऊ दोघेही सज्जन होते, तरी घर विकायचं की ठेवायचं यावर कारभार कितीतरी महिने अडला. ती चूक माझी होती, त्यांची नव्हे.

आता अधिकार. मालमत्ता विकणं, गुंतवणूक मोडणं, वकील आणि हिशेबनीस नेमणं, हे स्पष्ट शब्दांत दे. बाहेरचा व्यावसायिक नेमणार असाल तर त्याच्या मेहनतान्याचं कलम हवंच. खर्च आणि कर्ज कशातून भागवायचं, तेही लिही. तुझ्या मसुद्यात घर मुलीला आहे, आणि त्याच घरावर कर्ज आहे. ते कर्ज घराबरोबर तिच्याकडे जाणार, की उरलेल्या मालमत्तेतून फिटणार? याचं उत्तर मसुद्यात कुठेच नाही. प्रत्येक देशाचा कायदा आपापलं उत्तर देतो, पण ते तुझ्या अशिलाच्या मनातलं असेलच असं नाही.

एक्झिक्युटर स्वतः लाभार्थी असला तरी सहसा अडत नाही. साक्षीदार मात्र लाभार्थी नसावा. कित्येक ठिकाणी अशा साक्षीदाराला दिलेला हिस्साच रद्द ठरतो.

सही होण्याआधी अशिलाला मुलाशी समोरासमोर बोलायला सांग. मूळ प्रत कुठे ठेवली जाणार आहे, हेही त्या मुलाला त्याच वेळी कळू दे. सुधारलेला मसुदा आला की पुन्हा पेन्सिल घेऊन बसते.