मुलाने सही करण्यास नकार दिला, तो योग्यच आहे

महोदय,

आपल्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात नमूद करतो. आपला मुलगा २०२२ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. त्यानंतर त्याने स्पर्धा परीक्षांची तयारी केली, तीत यश आले नाही आणि आता तो सांगली जिल्ह्यातील आपल्या शेतीपंपांच्या दुकानात काम करतो. पुण्यातील एका क्लासने सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या अभ्यासक्रमासोबत तीन वर्षांचे अनुभव प्रमाणपत्र, पगाराच्या पावत्या आणि पीएफची नोंद असे सारे एकत्र देऊ केले आहे. आपण आगाऊ रक्कम भरून त्यांना शब्दही दिला आहे. मुलगा मात्र म्हणतो की, न केलेल्या नोकरीच्या कागदांवर मी सही करणार नाही. त्याला थोडा व्यवहार शिकवावा, अशी आपली विनंती आहे.

ही विनंती मला मान्य करता येत नाही. मुलाचे म्हणणे योग्य आहे, आणि आपण ज्या व्यवहाराचा दाखला देता त्या व्यवहाराच्या हिशेबानेही ते योग्यच ठरते.

"सगळेच करतात" हे आपले वाक्य अतिशयोक्त असले, तरी निराधार नाही. असे कागद दाखवून नोकरीला लागलेली माणसे आहेत आणि त्यांतील काही आजवर पकडली गेलेली नाहीत, हे मी नाकारत नाही. परंतु हा धंदा नेमका कसा चालतो, हे क्लासवाले सांगत नाहीत. अनुभव दाखवण्यासाठी बहुधा एखादी नावापुरती कंपनी नोंदवलेली असते आणि तिच्याच नावाने अनेक उमेदवारांना प्रमाणपत्रे दिली जातात. पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या संस्था अशा संशयास्पद कंपन्यांच्या याद्या ठेवतात. त्यामुळे एका उमेदवाराचे बिंग फुटले की त्या कंपनीचे नाव लावणारे सर्वजण एकदमच संशयाच्या घेऱ्यात येतात. मग कोणी आज रुजू झालेला असो वा चार वर्षांपूर्वी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅक्सेंचर या कंपनीने जाहीरपणे सांगितले की, भारतात बनावट कंपन्यांची कागदपत्रे व अनुभवपत्रे वापरून नोकरी मिळवण्याचा प्रकार आढळला असून, असे करणाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे. ती माणसे निवडीची पायरी ओलांडून आत गेलेली होती, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

पीएफची नोंद हे आपल्याला या व्यवहारातील सर्वांत भक्कम कलम वाटते. मला ते सर्वांत धोकादायक वाटते. यूएएन हा पीएफ सदस्याचा बारा अंकी क्रमांक माणसाला आयुष्यभरासाठी एकच असतो आणि कोणत्या आस्थापनेत तो कधी रुजू झाला व कधी बाहेर पडला, हे त्या क्रमांकाखाली साठत जाते. खोटे अनुभवपत्र फाडून टाकता येते. यूएएनखाली चढलेली नोंद मात्र सहजासहजी पुसता येत नाही. पुढे आपल्या मुलाला खरी, चांगली नोकरी मिळेल, तेव्हाही पडताळणीत ती कंपनी त्याच्यामागे उभी असेल. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार, बनावट दस्तऐवज बनावट असल्याचे ठाऊक असूनही खरा म्हणून वापरणाऱ्याला तो तयार करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. क्लासचा चालक नामानिराळा राहू शकतो. अर्जाच्या शेवटी "वरील माहिती सत्य आहे" या ओळीखाली सही मुलाचीच असते.

आता सापडण्याची भीती क्षणभर बाजूला ठेवू, कारण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. समजा, पडताळणी सुरळीत पार पडली आणि मुलगा तीन वर्षांचा अनुभवी टेस्टर म्हणून सोमवारी सकाळी कामावर हजर झाला. नवख्या उमेदवाराला पहिले काही महिने एक मोठी सवलत असते. त्याला काही येत नसेल तर तो शेजारच्या माणसाला विचारतो, चुकतो, बोलणी खातो आणि शिकतो. आपल्या मुलाला ही सवलत नसेल. टेस्ट केस कशी लिहायची, बग म्हणजे दोष कोणत्या तपशिलासह नोंदवायचा, रिग्रेशनच्या म्हणजे बदलानंतरच्या फेरतपासणीच्या वेळी काय वगळले तर चालते, हे प्रश्न तीन वर्षांच्या अनुभवी माणसाने विचारायचे नसतात. तो ते विचारणार नाही. रात्री घरी येऊन कोणा मित्राकडून गुपचूप काम उरकून घेईल आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांच्या प्रश्नांना बगल देईल. पूर्वीच्या कंपनीतील प्रकल्पाविषयी जेवणाच्या टेबलावर कोणी सहज विचारले, तरी त्याला एक कथा तयार ठेवावी लागेल आणि आधी सांगितलेली कथा लक्षातही ठेवावी लागेल. अशा नोकऱ्या मिळवलेले तरुण माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. त्यांची तक्रार पगाराची नसते. "मला विचारता येत नाही" ही असते. ज्या वयात माणूस सर्वांत वेगाने शिकतो, त्याच वयात त्याचे शिकणे बंद पाडायचे आणि त्यासाठी वर पैसेही मोजायचे, हा व्यवहार मला तरी तोट्याचा दिसतो.

काळ गेला की असत्य विरते, असेही समजू नये. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स १९७९ मध्ये तेथे नोकरीला लागल्या. आपल्या कामाने त्यांनी देशभर नाव मिळवले आणि २००७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण नोकरीला लागताना सांगितलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. मधल्या २८ वर्षांचे काम खरे होते; तरीही ते त्यांच्या कामी आले नाही.

क्लासवाल्यांना शब्द दिला आहे, आता मागे कसे फिरायचे, असे आपण विचारता. बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्या माणसाला दिल्या शब्दाची किती किंमत असते, हे मी जाणतो. म्हणूनच आपली अडचण मला खोटी वाटत नाही. परंतु हा शब्द आपण मुलाच्या सहीच्या भरवशावर दिला आणि ती सही देणे आपल्या हाती नव्हते. तिसऱ्याला फसवण्यासाठी केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २३ व्या कलमानुसारही रद्दबातलच ठरतो. त्याची दुसरी बाजूही सांगतो: त्याच कारणाने आगाऊ रक्कम परत मिळवणे कठीण जाईल. ती मागून पाहावी, न मिळाल्यास सोडून द्यावी आणि त्या रकमेपायी मुलाला या प्रकरणात ओढू नये.

मुलासाठीही दोन शब्द आहेत, ते त्याला वाचून दाखवावेत. सही नाकारणे ही पात्रता नव्हे. खोटे कागद नकोत म्हटल्यावर खरे कागद उभे करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि पत्रावरून तरी त्याने त्या दिशेने फारशी हालचाल केलेली दिसत नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या नवपदवीधर भरतीत तो बसणार नाही, हे मान्य करून पुढे जावे. बायोडेटामध्ये परीक्षेच्या तयारीची वर्षे तशीच, सरळ लिहावीत. दुकानातील काम मात्र त्याने बायोडेटात लिहिलेलेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. सबमर्सिबल पंपाची निवड, मोटारीचे रिवाइंडिंग, सुट्या भागांचा साठा आणि ऐन उन्हाळ्यात संतापून आलेला शेतकरी, हे सारे त्याने प्रत्यक्ष हाताळले आहे. वडिलांचे दुकान आहे हे लपवण्याचेही कारण नाही. ज्या जिल्ह्यात १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी आहे, तेथे पंपांच्या विक्रीपश्चात सेवेचे काम जाणणाऱ्या अभियंत्याला विचारणारे कोणी नाही, असे मी मानत नाही. कुपवाड, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री व मशीनिंगच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीच्या जागांसाठी त्याने स्वतः जाऊन भेटावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना विद्यावेतनासह प्रशिक्षण व शेवटी प्रमाणपत्र मिळते. तिच्या पोर्टलवर पात्रतेचे नियम पाहून नोंदणी करावी. टेस्टिंगचीच आवड असेल तर तेही शिकावे, परंतु नवखा म्हणूनच अर्ज करावा. सुरुवातीचा पगार क्लासने सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल, याची घरात सर्वांनी तयारी ठेवावी.

एक काम मात्र याच आठवड्यात करावे. आगाऊ रक्कम भरताना आपण मुलाच्या आधार व पॅन कार्डाच्या प्रती क्लासकडे दिल्या का, हे पत्रात नाही. दिल्या असतील तर त्या परत मागाव्यात, त्यांचा वापर करण्यास मुलाची संमती नाही हे लेखी कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. त्याच्या नावाने यूएएन निघाला आहे का, हे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर तपासावे. अनोळखी कंपनीची नोंद दिसल्यास संघटनेच्या तक्रार पोर्टलवर मुलाने स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक मला कळवावा.