तुमच्या पत्रातली शेवटची ओळ

चिंचवडहून एक वडील लिहितात : मुलगा सिव्हिल डिप्लोमा, 61 टक्के. दीड वर्षापासून रस्ता न फोडता, जमिनीखालून आडवं ड्रिल मारून (एचडीडी) गॅसच्या लाइन टाकणाऱ्या कंत्राटदाराकडे आहे. भावकीत विचारतात, पोरगा खड्डे खणतो का? नोकरी सोडायला लावून एमपीएससीला बसवू का?

नमस्कार. भावकी काय म्हणते यावर तुम्ही पाऊण पान लिहिलंत. शेवटी एकच ओळ : 'तो म्हणतो, घाई असली की ट्रायल पिट न मारताच बोअर घेतात.' मला घोर लागला तो या ओळीने.

बोअर, म्हणजे ड्रिलने पाडलेलं आडवं भोक, जुन्या लाइनला जिथे ओलांडणार, तिथे हाताने जपून खणून ती लाइन डोळ्यांनी पाहायची, याला ट्रायल पिट म्हणतात. नकाशात दीड मीटरवर दाखवलेली केबल खड्ड्यात हातभरावरही निघते. न पाहता ड्रिल घातलं आणि ते विजेच्या केबलला लागलं, तर मशीनपाशी तुमचा मुलगा उभा असतो.

'मशीनच सगळं करतं, शिकायचं काय?' हे तुमचं म्हणणं साफ चूक आहे. मशीन रॉड फिरवतं, ढकलतं. तो कुठे चाललाय हे त्याला कळत नाही. ड्रिलच्या डोक्यात ट्रान्समीटर असतो. वर एक जण लोकेटर घेऊन चालतो आणि दर रॉडला खोली, उतार, डोक्याचा तिरपा भाग घड्याळाच्या किती वाजता आहे, हे ऑपरेटरला सांगतो. वळवायचं तर फिरवणं थांबवून तो भाग हव्या दिशेला धरून नुसतं ढकलायचं. जवळ विजेची केबल किंवा काँक्रीटची सळई आली की खोलीचा आकडा फसवतो. तो फसवतोय हे ओळखायला अनुभव लागतो. जुन्या प्लॅस्टिकच्या पाइपसोबत तार टाकलेली नसेल तर गाडलेल्या लाइन शोधणाऱ्या केबल लोकेटरला तो सापडत नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडून पाहणारं जीपीआर असतं, पण ओल्या काळ्या मातीत त्याला फार खोलचं दिसत नाही.

राज्यसेवेला पदवी लागते, ती त्याच्याकडे नाही. हवी असेल तर डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण ते त्याला हवं असेल तर.

पिट टाळणारा कंत्राटदार त्याने जरूर सोडावा, हे काम सोडू नये. दोन महिने तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, असं लिहिलंत. मग 'पिट मारल्याशिवाय बोअर घेणार नाही' असं तो साइटवर कुणाच्या जोरावर म्हणणार? आज रात्री तो ड्युटीला निघण्याआधी विचारा, विमा आहे का, आणि आजचे पिट मारलेत का.