नागपूर जिल्ह्यातील ग्रामीण भागात कोणत्या नैसर्गिक आपत्तींचा धोका अधिक आहे आणि कुटुंबाने कोणती तयारी ठेवावी?

भूकंपाची फार चिंता करू नये. खरा धोका पूर, वीज आणि उन्हाळा यांचा आहे. नरखेड तालुक्यातील मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त झाले, तर ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यामुळे कन्हान नदीकाठची पारशिवनी, मौदा भागातील गावे पाण्याखाली गेली. अशा पुरात गावात पाऊस थांबलेला असतानाही पाणी चढू शकते, म्हणून नदीकाठच्या कुटुंबाने आभाळापेक्षा धरणाच्या विसर्गाच्या सूचनेवर लक्ष ठेवावे. सातबारा, आधार कार्ड, पासबुक आणि नेहमीची औषधे एका जलरोधक पिशवीत ठेवावीत, आणि पाणी शिरल्यास गुरांची दावी सर्वांत आधी सोडावीत. घाईत हेच राहून जाते.

वीज मात्र शेतातच गाठते. गडगडाट ऐकू येताच काम थांबवून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. घरातील एका तरी मोबाइलवर ते असावे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामुळे दुपारची शेतीकामे टाळावीत. उष्माघाताची शंका आल्यास रुग्णाला सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. इतर आपत्तींत जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.