इंजिन बदलण्याआधी हँडलिंगवर आणि हत्यारांवर कुठे खर्च करावा?

तुम्ही विचारलंय की जास्त ताकदीचं इंजिन बसवायला अजून काही महिने आहेत, तोवर गाडीत काय सुधारून घ्यावं आणि कोणती हत्यारं जमवावीत. माझं पहिलं सांगणं म्हणजे स्प्रिंगा आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांची एकत्र जोडी) आत्ता घेऊ नका. नवं इंजिन तीस-चाळीस किलोने जड निघालं तर बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो आणि आज छान वाटणारी स्प्रिंग तेव्हा दबते. इंजिन जागेवर बसू द्या, पुढचं-मागचं वजन करा, मग निवडा.

टायरचा पैसा मात्र वाया जात नाही. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. फक्त एक, नंतर कधी मोठे ब्रेक लावायचे असतील, तर ते कोणत्या रिममध्ये मावतात ते टायर घेण्याआधी ठरवा.

त्यानंतर बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी तुकडे) आणि बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारे गोल सांधे). माझ्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) नवे रबरी बुश मी स्वतः बसवले आणि चाक हवेत लटकत असतानाच बोल्ट पक्के आवळले. गाडी खाली आली तसा रबराला कायमचा पीळ बसला. काही महिन्यांत ते कडेने फाटले, ब्रेक दाबला की स्टेअरिंग एका बाजूला ओढू लागलं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचे. शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं.

ब्रेक ऑइल आधी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल ताजं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही हमी 155 वर येते.

हत्यारांत चांगला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना), घट्ट बोल्ट सोडवायला लांब दांड्याचा ब्रेकर बार, सहा कोनी सॉकेट आणि उचललेली गाडी टेकवायला चार मजबूत जॅक स्टँड विकत घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने आणा, तो दोन दिवसांचंच काम करतो.

सबफ्रेमचे (इंजिनाखालच्या चौकटीचे) बुश आणि स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगने चाकं वळवणारा भाग) आत्ता गळत-वाजत नसतील तर राहू द्या. इंजिन बाहेर आलं की तिथे हात सहज पोचतो.