पट्टी रेषेत येईना

वाचकांचे प्रश्न, गॅरेजातल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या बाबांची १९७६ची प्रीमियर पद्मिनी आम्ही दोघी बहिणींनी पुन्हा उभी करायला घेतली आहे. डेंटिंग झालं, मूळचाच फिकट निळा रंग दिला, काचा बसल्या. आता बाजूच्या चकचकीत पट्ट्या लावायला घेतल्या, तर पुढच्या मडगार्डवरची पट्टी आणि दारावरची पट्टी एका रेषेत येत नाहीत. दारावरची पाव इंच खाली राहते. पेंटर म्हणतो, "नवां काणां पाडी दईए." पाडू द्यायची का भोकं?
– एक वाचक, फतेगंज, वडोदरा

उत्तर : नाही. आधी ड्रिल मशीन त्याच्या हातातून काढून घ्या आणि हातात चहाचा कप द्या.

कारखान्यात पाडलेलं भोक पन्नास वर्षांत जागचं हलत नाही. हललं आहे ते दुसरंच काहीतरी, ते शोधायचं. मला तुमच्या पत्रात एकच गोष्ट कमी वाटली : दारावरची पट्टी पुढे आणि मागे सारखीच खाली आहे, की मागच्या टोकाला जास्त? मागे जास्त असेल तर दार लोंबलंय. दार अर्धं उघडा, हँडलखाली कडेला धरून वर उचला. खटखट जाणवली तर बिजागरीची पिन झिजली आहे. दार बंद असताना ही खटखट कळत नाही, कारण लॉकच्या जागी आल्यावर दार आपोआप थोडं उचललं जातं. पट्टी दोन्हीकडे सारखीच खाली असेल तर दार परत टांगताना खाली बसलंय. मग बिजागरी सैल करून, खाली लाकडी पाचर देऊन, दार वर घ्यायचं. मागच्या दाराशी असलेली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आली की बहुतेक वेळा पट्टीही आपोआप जागेवर येते.

दार ठीक निघालं तर संशय मडगार्डवर. कधीतरी ठोकर लागून ते बदललं गेलं असेल. दाराचं आतलं पॅनेल काढा, मडगार्डच्या आत टॉर्च घेऊन वाका, आणि भोकं मागून बघा. कारखान्याचं भोक पंचने पाडलेलं, कडा साफ. गॅरेजात ड्रिलने पाडलेल्या भोकाला मागे पत्र्याची करवतीसारखी कड असते. ती कड मडगार्डवर दिसली, तर नवं भोक मडगार्डलाच पाडायचं. दाराला हात लावायचा नाही.

दाराबद्दल एवढं का बजावतोय, ते सांगतो. माझ्या तारुण्यात तुमच्या वडोदऱ्यातच, दांडिया बाजारात आमच्या वाड्याच्या अंगणात मेहुण्याची फियाट उभी होती, आणि हेच दुखणं होतं. मी हुशारी केली. दाराला पाच नवी भोकं पाडली, जुनी लांबीने (पुट्टीने) बुजवली, पट्टी झकास सरळ आली. लकडी पुलापर्यंत चक्कर मारून आलो, सेव उसळ खाल्ली, मेहुणा खूश. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. बोट लावलं तर आत गेलं. झालं असं : पावसाचं पाणी पट्टीच्या मागून झिरपतं, क्लिपच्या भोकातून दारात उतरतं. खाली निचऱ्याची भोकं असतात, पण ती धुळीने आणि जुन्या वॅक्सने तुंबलेली. पाणी बाहेर जाईना, भोकाच्या कडेला ना प्रायमर ना रंग, आणि लांबी तर पाणी पिऊन फुगते. सासूबाईंनी पुढची सहा वर्षं दिवाळीला मला त्या दाराची आठवण करून दिली.

म्हणून आता तुम्ही पाडाल किंवा जुनी वापराल त्या प्रत्येक भोकाच्या कडेला बारीक ब्रशने झिंक प्रायमर, वर रंगाचा हात. वाळू द्या. क्लिप बसवताना तिच्या बुडाशी कधीच पूर्ण कडक न होणाऱ्या सीलंटची छोटी गोळी ठेवा. आणि निचऱ्याची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करा. हे काम दिसत नाही, म्हणूनच कोणी करत नाही.

तुमच्या रंगाला किती दिवस झाले, तेही लिहिलेलं नाही. रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, आतून पक्का व्हायला काही आठवडे जातात. कोवळ्या रंगावर पट्टी घट्ट दाबली की तिच्या कडेची वळी कायमची उमटते, आणि साधी मास्किंग टेप रंगाची साल काढते. निदान तीन आठवडे थांबा. खरं तर या सगळ्या पट्ट्या रंगाच्या आधी, प्रायमरवर असतानाच एकदा लावून बघायच्या असतात. लांबीचा थर एखाद्या ठिकाणी दोन मिलिमीटर जास्त झाला असेल तर तिथे पट्टी पोट काढते, आणि ते तेव्हाच घासून टाकता येतं. तुमचं ते झालं नाही, असू दे. मागच्या दारांचं बाकी असेल तर तिथे तरी करा.

आता बसवणं. मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत सलग एक टेप लावा, कमी चिकटीची, पट्टीच्या वरच्या कडेच्या रेषेत. मग मागच्या दिव्याजवळ उकिडवं बसून एक डोळा मिटून गाडीच्या अंगावरून पुढे बघा. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात ट्वेंटी वन गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा मेळा झाला, तेव्हा मी निम्मा वेळ असाच उकिडवा होतो. बायको म्हणाली, लोक बॉनेटपुढे उभे राहून फोटो काढतायत आणि तुम्ही टायरशी काय बोलताय! पण गाडी किती प्रेमाने केली आहे ते तिथूनच कळतं.

क्लिपा आधी बॉडीवर, मग पट्टी मधल्या क्लिपवर आणि तिथून दोन्ही टोकांकडे, तळव्याने. हातोडी नाही, रबराचीही नाही. टोकाला स्क्रू-नट असेल तर बोटाने घट्ट करून वर पाव फेरा, बास. जास्त आवळलं की पट्टीला वरून खळगा पडतो आणि तो उन्हात लांबून दिसतो. पट्टीच्या पोकळ बाजूला आतून पातळ वॅक्स फिरवा, म्हणजे दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकून पत्रा खाणार नाहीत.

एक गोष्ट विसरू नका : दाराच्या पुढच्या टोकाला, मडगार्डवरची पट्टी आणि दारावरची पट्टी यांत दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्या. दार उघडताना त्याची पुढची कड मडगार्डच्या अंगाशी फिरते, आणि तिच्यावर वर आलेली पट्टी तिथे घासते. पहिल्यांदा दार उघडताना सावकाश, मध्ये पोस्टकार्ड धरून. (जुनी ११००, जिला आपण डुक्कर फियाट म्हणतो, तिची पुढची दारं उलटी उघडतात. तिथे पुढची आणि मागची दोन्ही दारं मधल्या खांबाला टांगलेली, म्हणून ही भानगड मधे येते. तिच्यावर शिकलेला माणूस पद्मिनीवर चुकतो.)

बंपर सगळ्यात शेवटी, दोघींनी मिळून, खाली जुनी गोधडी टाकून. एकटीने उचलू नका. नवा रंग बंपरच्या टोकानेच ओरखडतो.

प्रश्न : सगळ्या क्रोमला परत पाणी मारून, म्हणजे प्लेटिंग करून, घ्यावं का? प्लेटिंगवाला म्हणतो, आणून टाका, सगळं एकदमच करतो.
– एक वाचक, राजवाडा, इंदूर

उत्तर : एकदम मुळीच नाही. आधी सामान वेगळं करा. लोहचुंबक घ्या. बंपरला चिकटेल, तो लोखंडाचा, तो प्लेटिंगला जाईल. बाजूच्या पट्ट्यांना चिकटला नाही आणि मागे गंजाचा मागमूस नाही, तर त्या स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम असतील. स्टेनलेसला प्लेटिंग लागतच नाही. मागून लाकडाच्या ठोकळीने खळगे काढा आणि बफिंग करा, नवी दिसते. ॲल्युमिनियम हलकं लागतं आणि कॉस्टिक सोड्याच्या टाकीत पडलं की फेसाळून खाल्लं जातं, तेव्हा ते पाठवूच नका.

मोनोग्राम, दिव्यांच्या कड्या वगैरे बहुधा मॅझॅकच्या, म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. त्यावर पुटकुळ्या आल्या असतील तर रोग आतून आहे. आम्लाच्या टाकीत बुडवल्या तर पुटकुळीच्या जागी खड्डा होतो. खड्डे कोरून, तांब्याने भरून, मग निकल असं करणारा कारागीर मिळाला तरच द्या, नाहीतर जुनंच चांगलं.

आणि प्लेटिंगवाल्याला एकच प्रश्न विचारा : निकल किती देता? क्रोमचा वरचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. त्या क्रोमला सूक्ष्म भेगा असतातच. गंज अडवतो खालचा निकल आणि त्याखालचं तांबं. "क्रोम जाड मारतो" म्हणणाऱ्याकडून सामान उचला आणि घरी या. बंपरची आतली बाजूही बघा. खोलगट जागी करंट कमी पोचतो, म्हणून तिथे थर पातळ असतो. मी स्वतः प्रत्येक बंपरला आतून झिंकचा रंग देतो, मगच बोल्ट लावतो.

प्रश्न : क्रोमवर बारीक तांबूस ठिपके आले आहेत. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर चालेल का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नको, ती घासते. ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही, ठिपके निघतात. लगेच धुवा, पुसून कोरडं करा, वॅक्स लावा. ठिपका पुसल्यावर खाली काळा खड्डा दिसला तर तिथलं निकल गेलेलं आहे. त्यावर फॉइलचा उपयोग नाही, वॅक्स तेवढं दर महिन्याला लावत जा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.